मनाचा रोजमेळ: पीएमडीडीसाठीचा रोजनोंदीचा तक्ता, दोन महिने भरून झाल्यावर

पीएमडीडी म्हणजे पाळीआधी होणारा मनाचा तीव्र त्रास. त्याची रोज नोंद करायचं हे पान अगदी साधं आहे. ए-फोर आकाराचं, एकाच बाजूला छापलेलं. डावीकडे चोवीस ओळी, वर आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने, आणि पाळी चालू असेल त्या दिवशी खूण करायला एक वेगळी जागा. रोज रात्री प्रत्येक ओळीपुढे १ ते ६ मधला एक आकडा लिहायचा. रावपुऱ्यात झेरॉक्सचे पानाला दोन रुपये पडतात. दोन महिन्यांना मला नऊ पानं लागली, म्हणजे अठरा रुपये. गेल्या दहा वर्षांत तब्येतीवर जो काही खर्च केला, त्यात या अठरा रुपयांइतकं मोल कशालाच आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बडोद्याची. सासर दांडिया बाजारातलं, तीन पिढ्यांपासून इथलंच. वय ३९, एक मुलगी, ती अकरा वर्षांची. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. रोजमेळ, बँकेची जुळवणी, महिन्याच्या ११ तारखेचं आणि २० तारखेचं जीएसटी, हे माझं काम. आकड्यांवर माझा विश्वास आहे. पण स्वतःबद्दल मात्र मी वर्षानुवर्षं एकच शब्द ऐकत आणि मानत आले होते: स्वभाव. तापट स्वभाव. घरात कुणी ते वाईट मनाने म्हणत नसे. "तिचा स्वभाव तसा आहे, मनात काही नसतं," असं माझी बाजू घेऊनच म्हणत.

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी, १ सप्टेंबरला, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. जाऊबाई पातेल्यापाशी उभ्या राहून सहज म्हणाल्या, "वरणाला मीठ कमी वाटतंय का गं?" एवढंच. मी ते पातेलं उचललं आणि सगळं वरण मोरीत ओतलं. मग जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचं अर्धं जेवण लोकांनी मान खाली घालून उरकलं. मुलगी आतल्या खोलीत पलंगामागे जाऊन बसली होती. ५ तारखेला पाळी आली. ७ तारखेला सकाळी उठले तर डोकं स्वच्छ, पाऊस पडून गेल्यावर अंगण दिसतं तसं. आणि त्या स्वच्छ डोक्याने सहा दिवसांपूर्वीचं सगळं आठवत होतं. हे दर महिन्याचं होतं. पातेलं नवीन, बाकी सगळं जुनं.

आधी एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते, दोन वर्षांपूर्वी. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, संप्रेरकं, सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. सगळं बरोबर आलं. "काही नाही तुम्हाला, थोडा योगा करा," म्हणाल्या. रिपोर्ट चांगले आले म्हणून घरी पेढे वाटावेत की रडावं, ते कळेना. काही नाही, तर मग उरतो तो स्वभावच.

गौरींनंतर मात्र मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांचं नाव इथे देत नाही, लहान दवाखाना आहे आणि मी त्यांना विचारलेलं नाही. जाताना ओढणी डोक्यावरून घेतली होती, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. त्यांनी वीसेक मिनिटं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "पाळीच्या तारखा लिहिलेल्या आहेत का?" त्या होत्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल ठिपका द्यायची सवय मला आईने लावलेली. "आणि वाईट दिवसांच्या तारखा?" त्या कुठेच नव्हत्या. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून हे पान काढलं.

पान कुठलं आहे ते सांगते. न्यूयॉर्कच्या जीन एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही रोजनोंद, आणि तिच्यात विचारलेलं सगळं एका ठरावीक आजाराच्या निकषांवर बेतलेलं आहे. त्या आजाराचं नाव प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी. पाळीआधी छाती दुखरी होणं, जरा चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं, त्याला पीएमएस म्हणतात. पीएमडीडी त्याच्या फार पुढचं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९९४ साली ते परिशिष्टात होतं, २०१३ च्या आवृत्तीत ते नैराश्याच्या आजारांत स्वतंत्र निदान म्हणून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही आता त्याला जागा आहे. म्हणजे मी कॉलेजात असताना मला जे होत होतं त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागाही मिळालेली नव्हती. हे कळल्यावर मला आईचा, मावशीचा, सगळ्यांचा विचार आला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन तीन वेळा सगळ्यांना सांगितली. रिपोर्ट बरोबर येणार हे ठरलेलंच आहे. या आजारात संप्रेरकं कमीजास्त नसतात. महिन्याच्या उत्तरार्धात ती सगळ्यांच्याच अंगात चढतात आणि उतरतात, काही जणींच्या मेंदूला मात्र ती नेहमीची चढउतारच सोसत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. तीव्र पीएमएस असलेल्या काही बायकांना औषध देऊन अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं, तर बऱ्याच जणींचा त्रास उतरला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना मुळात त्रास नव्हता अशा बायकांना तीच संप्रेरकं तशीच दिली, त्यांना काहीही झालं नाही. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत हे सापडत नाही. इतर आजार नाहीत ना, एवढंच रक्त सांगतं. निदान होतं ते तारखांवरून, आणि त्या तारखा रोजच्या रोज लिहिलेल्या असाव्या लागतात, किमान दोन पाळ्यांच्या.

आता तक्त्याबद्दल.

मला मिळालेली प्रत इंग्रजीत होती. मी इंग्रजी वाचते, कामापुरतं लिहितेही, पण रात्री साडेदहाला, भांडी आवरून झाल्यावर, डोक्यात जे चाललंय ते इंग्रजीत शोधणं मला जमेना. पहिल्याच रात्री पेन्सिलीने प्रत्येक ओळीशेजारी मराठी लिहायला बसले. त्यात दोन तास गेले, आणि ते दोन तास मला आजही आठवतात. राग आणि चिडचिड तक्त्यात एकाच ओळीत आहेत. आपल्याकडे त्या दोन वेगळ्या गोष्टी. चिडचिड म्हणजे दाराचा आवाज सहन न होणं, राग म्हणजे दार आपटणं. मी एकच ओळ ठेवली, पण आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'चि' किंवा 'रा' लिहायला लागले. नकार पटकन लागतो, मन दुखावतं अशा अर्थाची एक ओळ आहे, तिथे लिहिलं: बारीकसारीक बोलणं लागणं. मीठ कमी आहे हे ऐकून मला जे झालं ते नेमकं हेच होतं, आणि त्याला स्वतःची एक छापील ओळ आहे हे बघून मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. दडपून गेल्याची एक ओळ आहे. तिला शब्द सापडेना. शेवटी सासूबाईंचा शब्द वापरला: सगळं अंगावर येतं. आणि त्याखालची, स्वतःवर ताबा नसण्याची ओळ: आपलं आपल्यावर चालत नाही.

बाकीच्या ओळी सोप्या होत्या. उदास वाटणं, पुढे काही दिसत नाही असं वाटणं, आपला कुणाला उपयोग नाही असं वाटणं. जिवाला घोर. मन घडीघडीला बदलणं, लोकांशी खटके उडणं. कशात मन न लागणं, कामात लक्ष न लागणं, अंगात त्राण नसणं. जास्त खाणं, आणि एखाद्याच पदार्थाची हाव सुटणं, माझ्यासाठी तो लीलो चेवडो. फार झोप येणं किंवा झोप न लागणं. शेवटी अंगाच्या चार ओळी: छाती दुखरी होणं, पोट तट्ट फुगणं, डोकं दुखणं, सांधे किंवा अंग दुखणं. अशा एकवीस झाल्या. त्याखाली तीन वेगळ्या ओळी येतात, आणि माझ्या मते सगळ्या तक्त्याचा जीव त्या तिघींत आहे: आज यामुळे काम अडलं का, आवडीची गोष्ट किंवा लोकांत जाणं टळलं का, नात्यांत बिघडलं का. लक्षण असणं वेगळं आणि त्याने दिवस नासणं वेगळं, हा फरक मला कुणी कधी विचारलाच नव्हता.

आकड्यांचे अर्थही मी माझे करून घेतले. १ अजिबात नाही, २ नावापुरतं, ३ थोडं, ४ मध्यम, ५ जास्त, ६ पराकोटीचं. पहिले चार दिवस माझा हात सारखा ३ वर जाई. हिशेबातली सवय, शंका असेल तर मधली रक्कम. मग मी ठरवलं की गौरींचा दिवस म्हणजे ६, आणि त्याच्याशी ताडून बाकीचे आकडे लिहायचे. डॉक्टरांनी असं करायला सांगितलं नव्हतं, पण त्याने माझे आकडे खरे झाले.

भरण्याचा नियम एकच: त्याच रात्री. हा नियम मी एकदा मोडला. २७ आणि २८ सप्टेंबरचं पान मी २९ ला सकाळी भरलं, आणि २९ च्या सकाळी मी इतकी वाईट होते की मागचे दोन्ही दिवस सहांनी भरून काढले. नंतर नवऱ्याने आठवण करून दिली की २७ ला रात्री आपण मुलीला घेऊन गरब्याला गेलो होतो, तू हसत होतीस, परत येताना सेवउसळ खाल्ली. ते मला आठवतच नव्हतं. वाईट दिवस मागच्या चांगल्या दिवसांनाही आपला रंग लावतो, हे मी स्वतःच्या अक्षरात पाहिलं. आठवणीवरून निदान का करत नाहीत, ते तेव्हा पटलं. ते दोन रकाने मी खोडले नाहीत, बाजूला 'उशिरा भरलं' असा शेरा मारला आणि नवऱ्याला विचारून दुरुस्त आकडा वेगळ्या शाईत लिहिला. रोजमेळातही खाडाखोड चालत नाही.

पाळी ३ ऑक्टोबरला आली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे आधीचे सात दिवस बरोबर नवरात्रात. बडोद्यातलं नवरात्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल, त्या रात्री घरी बसणारी बाई किती नजरेत भरते. अष्टमीला मी खिडकी लावून अंधारात पडून होते आणि मैदानावरचा ढोल छातीत वाजत होता. त्या रात्री रागाच्या ओळीत ६, अंगावर येण्याच्या ओळीत ६. आणि ६ ऑक्टोबरला कोजागिरी. गच्चीवर दूध आटवलं, चारोळ्या मी निवडल्या, शेजारणींबरोबर बारा वाजेपर्यंत बसले. खाली येऊन पान भरलं: एक, एक, एक, एक. चंद्रावर काहीबाही लिहिणारी बाई मी नव्हे, पण ती एकाची रांग मी खूप वेळ बघत बसले.

दुसरी फेरी मला जास्त शिकवून गेली. दिवाळी होती २० पासून २३ ऑक्टोबरपर्यंत. फराळ, पाहुणे, भाऊबीज, दमणूक सगळी तिथे, आणि आकडे दोनच्या वर जाईनात. २४ तारखेपासून, घर शांत झाल्यावर, काही कारण नसताना चढायला लागले. ३१ ला पाळी आली. माझा कायमचा समज होता की कामाचा ताण आला की मी फुटते. तक्ता म्हणाला, तसं नाही.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी माझ्यासमोरच हिशेब केला, आणि ती पद्धत मला फार आवडली. पाळी आली तो पहिला दिवस. त्याच्या आधीचे सात दिवस एका बाजूला, पाळीच्या चौथ्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचे सात दिवस दुसऱ्या बाजूला. रागाच्या ओळीत पहिल्या फेरीत पाळीआधी ४, ५, ५, ६, ६, ५, ५, बेरीज ३६, सरासरी पाचाच्या वर. पाळीनंतर बेरीज ९, सरासरी सव्वाच्या आसपास. दुसऱ्या फेरीत ३४ आणि ८. तक्त्यातल्या एकवीस ओळी अकरा प्रकारच्या लक्षणांत बसतात. त्या अकरांपैकी किमान पाच हवीत, त्यात मनाच्या चार मुख्य लक्षणांपैकी किमान एक हवं, पाळी आल्यावर थोड्या दिवसांत उतरायला हवं आणि नंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. माझी सात भरली. दोन्ही फेऱ्यांत तीच सात. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले, हा माझा पहिला.

याच कागदाने माझ्या ऑफिसातल्या एका बेनला अगदी वेगळं उत्तर दिलं, ते सांगायलाच हवं. तिचीही पक्की खात्री होती की आपल्याला हेच आहे. तिने दोन महिने भरला, तर आकडे महिनाभर चारावरच, पाळीआधी थोडे वर जात इतकंच. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे मुळातलं नैराश्य आहे, पाळीआधी ते वाढतं. तिचे उपचार वेगळे सुरू झाले. नुसत्या बोलण्यावरून आम्ही दोघी एकच वाटलो असतो.

कमी काय आहे, तेही स्पष्ट लिहिते. पहिलं, भाषा. दवाखान्यात मराठी किंवा गुजराती प्रत नव्हती, आणि इंग्रजी न येणाऱ्या बाईला हा कागद परका वाटणार. दुसरं, रकाने इतके अरुंद की चष्मा लावूनही दिवे जाता येता लिहिणं कठीण. मी झेरॉक्सवाल्याला मोठ्या कागदावर वाढवून द्यायला सांगितलं, मग बरं झालं. तिसरं, चोवीस ओळी वाईट दिवशी फार होतात. पाचाच्या आणि सहाच्या रात्री मला पेन धरवत नसे, तेव्हा आधी शेवटच्या तीन ओळी भरायच्या आणि मग वर जायचं, असं मी केलं.

चौथी उणीव मला सगळ्यांत मोठी वाटते. उदास वाटणं आहे, पुढे काही दिसत नाही आहे, पण जगणंच नको वाटतं का, ही ओळ तक्त्यात नाही. या आजारात असे विचार येतात. मला आले होते, नवरात्रात दोन रात्री. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत ते तोंडाने थेट विचारलं होतं, म्हणून मला सांगता आलं. मी पंचविसावी ओळ हाताने आखली आणि तिच्यापुढे आकड्याऐवजी फक्त हो किंवा नाही लिहायचं ठरवलं. 'हो' आलं तर त्याच रात्री नवऱ्याला उठवायचं, हेही ठरवलं, आणि २९ ला उठवलं. तो काही बोलला नाही, दिवा लावून सकाळपर्यंत शेजारी बसून राहिला. जिच्याजवळ उठवायला कुणी नसेल तिने १४४१६ वर फोन करावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत, आणि आपल्या भाषा बोलणारी माणसं तिथे असतात. दोन महिने पूर्ण होण्याची वाट त्यासाठी बघायची नाही. तक्ता निदानासाठी आहे, तो भरून होईपर्यंत मदत थांबत नाही.

मोबाइलवरचं एक ॲपही मी याआधी वर्षभर वापरलं होतं. पाळी कधी येणार ते ते बऱ्यापैकी बरोबर सांगे. पण मनाबद्दल विचारायचं म्हणजे हसरा, रडका, रागीट असे चेहरे, एक निवडा. किती, हे नाही. काम अडलं का, हे नाही. आणि माझ्या वाईट दिवसांची यादी कुठल्या कंपनीकडे पडून आहे ही टोचणी वेगळी. कागद माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे.

उपचारांबद्दल थोडंच लिहिते, कारण ते प्रत्येकीचे वेगळे असतात आणि डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. मला मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या एसएसआरआय गटातली एक गोळी दिली आहे, ती फक्त पाळीआधीचे साधारण चौदा दिवस घ्यायची आणि पाळी आली की थांबवायची. नैराश्यात या गोळ्यांना आठवडे लागतात, पीएमडीडीत मात्र त्या काही दिवसांतच काम करतात, म्हणून असं अर्ध्या महिन्याचं घेणं जमतं. काही जणींना महिनाभर घ्यावी लागते. गोळीच्या पहिल्या फेरीत चार दिवस मळमळलं, तोंड कोरडं पडलं, मग गेलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा एक ठरावीक प्रकारही यावर चालतो, पण मला डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येणारी अर्धशिशी आहे, त्यामुळे इस्ट्रोजेन असलेली गोळी माझ्यासाठी नको म्हणाल्या. मनाशी चाललेलं बोलणं तपासण्यासाठी त्यांच्याकडेच महिन्यातून दोन बैठकी आहेत. सकाळी कमाटीबागेत चालायला जाते, ते मुख्यतः मला बरं वाटतं म्हणून. आणि ऑफिसात साहेबांना आजाराचं नाव न सांगता इतकंच सांगितलं की मोठ्या रकमांची जुळवणी मी ठरावीक आठवड्यात करणार नाही. नवरात्रातल्या त्या आठवड्यातल्या माझ्या नोंदींत मला नंतर सात चुका सापडल्या होत्या. आदल्या आठवड्यात एकही नव्हती.

घरात तक्ता मी लपवला नव्हता, पण दाखवलाही नव्हता. नोव्हेंबरात निदान झाल्यावर तो जेवणाच्या टेबलावर पसरला. नवऱ्याने बोट फिरवत तारखा वाचल्या आणि म्हणाला, "अगं, हे तर वेळापत्रक आहे." सासूबाईंनी चष्मा लावून माझी पेन्सिलीतली मराठी वाचली, सगळ्या चोवीस ओळी, आणि मी आखलेली पंचविसावीही. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी ते तीन दिवस बाजूला बसायला मिळायचं. पण माझं बिनसायचं ते त्याच्या आधी. मी माळ्यावर जाऊन बसायची, गोवऱ्या मोजायच्या निमित्ताने. तुझ्या आजेसासूबाई म्हणायच्या, हिला माळा फार प्रिय." त्यांचं वय ७१. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, "तेव्हा असा कागद नव्हता गं."

जाऊबाईंकडेही गेले. पान बरोबर नेलं होतं. वरणाची माफी मी आधीच दोनदा मागितली होती, पण या वेळी तारीख दाखवता आली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याची एक कोरी प्रत देशील का?" कुणासाठी ते मी विचारलं नाही.

कुणाला हवं असेल तर हा तक्ता मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मागावा. मिळाला नाही तर साध्या आखीव वहीत वर दिलेल्या ओळी उतरवून काढाव्यात, आकडे तेच ठेवावेत, पाळीचे दिवस लाल करावेत, आणि दोन महिने भरलेली वही घेऊन जावं. मोकळ्या हातांनी गेलं की "काही नाही तुम्हाला" ऐकायला मिळू शकतं, भरलेली वही बघून तसं म्हणणं अवघड जातं. पाचांपैकी मी याला साडेचार देते. अर्धा भाषेचा आणि राहिलेल्या ओळीचा कापला आहे.

मी अजून भरते आहे, आता उपचार चालतात की नाही ते बघायला. डिसेंबरच्या फेरीत पाळीआधीच्या आठवड्यात रागाच्या ओळीत सगळे दोन आणि तीन होते. जानेवारीत संक्रांतीनंतर एक दिवस पाच आला, दुसऱ्या दिवशी परत पाच, आणि बारीकसारीक बोलणं लागण्याच्या ओळीत चार. पंचविसाव्या ओळीत दोन्ही दिवशी नाही. ते पान वेगळं काढून फायलीला लावलं आहे, पुढच्या भेटीत दाखवायला.